दोन गुणांचा प्रश्न

उमरेडच्या गाडीतून फाट्यावर उतरले.
कंडक्टर म्हणाला, कोसबोडीत काय आहे मॅडम?
कवीचं घर, म्हटलं.
त्यानं घंटीची दोरी ओढली.

दोन किलोमीटर पायी.
कडेला बेशरमाची जांभळी फुलं,
बाभळीला अडकलेला कापसाचा पुंजका,
आणि मी,
महालातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं
उरकुडा हेडाऊंची एकच कविता शिकवून
मागच्या मार्चात निवृत्त.

तलाव आधी आला.
कुण्या मालगुजारानं बांधलेली पाळ,
तिच्यावर वाळत टाकलेली निळी नायलॉनची जाळी,
अर्ध्या पाण्यावर शिंगाड्याचा वेल
आणि डोंग्यातून वाकून तो वेल उलटवत जाणारा
एक माणूस, ज्यानं वर पाहिलं नाही.
इतकं गप्प असेल असं वाटलं नव्हतं.
कवितेत हे पाणी फार बोलतं.

घर पाळीच्या खाली.
पाटीवर ‘महाकवि’, ऱ्हस्व.
बोटं पर्समध्ये लाल पेन शोधू लागली.
आत मच्छीमार संस्थेचे थर्माकोलचे डबे, वजनकाटा,
फरशीवर बर्फाचं ओघळतं पाणी,
आणि एका खिळ्यावर कवी,
काचेमागे, डोळ्यापर्यंत वाळवी चढलेला.

कौतिकाबाई मारबते किल्ली घेऊन आल्या होत्या,
शिंगाडे उकडून काळे पडलेले हात
पदराला पुसत.
पाहा जी, म्हणाल्या, पाहासारखं काई नाई.

मी खिडकी शोधत होते.
ती खिडकी,
जिच्यात रोज सकाळी तळं येऊन बसायचं,
पायांचा चिखल चौकटीला पुसायचं.
एक दार. पूर्वेला झरोका, त्यातून गोठा.
तलावाच्या बाजूला नुसती भिंत,
दगडाची, सलग.
हात फिरवला: बुजवल्याची खूण नाही,
चौकटीची नाही, कशाचीच नाही.

तिकडून ओल येते ना जी, बाई म्हणाल्या,
तिकडे खिडकी कोण ठेवीन?
बुढा तं इथं बसे. म्हशीकडे तोंड करून.
पाळीवर कवाच नाई गेला.
भेव वाटे का काय वाटे, मालूम नाई.

सन दोन हजार नऊ, नववी ब, दुसरं सत्र.
कवीच्या खिडकीतून काय काय दिसते?
कमळे. डोंगा. पाणकावळे. पलीकडचा सागाचा डोंगर.
चार मुद्दे, प्रत्येकी अर्धा.
सगळ्यांनी तेच लिहिलं, मी सांगितलेलं.
तेजराम उईकेनं एकच ओळ:
काही दिसत नसेल,
दिसलं असतं तर एवढं लिहावं लागलं नसतं.

शून्य.
खाली लालमध्ये: प्रश्न नीट वाच.

तो वाद घालायला आला नाही.
पेपर चौघडी करून खिशात ठेवला
आणि पुढच्या तासाला
शेवटच्या बाकावर, फळ्याकडे बघत बसला,
ज्याच्यावर तेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं.
दहावीनंतर कोराडीला वीजघरात लागला म्हणे.
कोणी म्हणालं, नाही, तो दुसरा उईके.

अभिप्रायाची वही आहे का, विचारलं.
नव्हती. मासळीची होती.
रोहू चौदा किलो, मरळ तीन,
केवट बाकी दोनशे दहा.
त्याच्याखाली लिहिलं,
उईके, तेजराम. दोनपैकी दोन.

कौतिकाबाईंनी वही उजेडात धरली.
हा कोन्त्या गावचा?
आपल्या सोसायटीत तं नाई.

त्यांनी पेपरात बांधून दिलेले शिंगाडे
मी परतीच्या गाडीत सोलत राहिले.
तिकिटावर काळा अंगठा उमटला.
भिंतीला टेकले होते तेव्हाची ओल
पाठीला होती,
खिडकीजवळची सीट रिकामी होती,
आणि मी अलीकडे बसले.